नाशिकच्या मंडळ्यांना खुलं पत्र : मुलांच्या सेवेला आपली सर्वांत जाणती माणसं द्या

प्रति,
नाशिक शहर आणि परिसरातील ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळकसाहेब, पास्टरेट कमिट्यांचे सभासद आणि मंडळीचे वडील यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

वार्षिक सभांचे दिवस जवळ आले आहेत. हिशेब तपासले जातील, नव्या कमिट्या निवडल्या जातील, अंदाजपत्रकं वाचली जातील. छपराची गळती, कंपाउंडची भिंत, साउंड सिस्टीम, पाळकसाहेबांच्या घराची दुरुस्ती या सगळ्यावर चर्चा होईल आणि ती व्हायलाच हवी. मग ‘रविवारची शाळा : मागील वर्षाप्रमाणे’ अशी एक ओळ वाचली जाईल, कुणी हात वर करणार नाही आणि सभा पुढच्या विषयाकडे वळेल. यंदा त्या ओळीवर थांबावं, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी अशाच एका मंडळीत बरीच वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना पवित्र शास्त्र शिकवते. मंडळीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण जे सांगायचं आहे ते एका मंडळीपुरतं नाही. शरणपूर असो, देवळाली कॅम्प असो, सातपूर असो की जेल रोड, जिथे जिथे मुलांना शिकवणाऱ्या बहिणी भेटतात तिथे बोलणं फिरून याच गोष्टींवर येतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मुलांची सेवा, म्हणजे त्यांना विश्वासात वाढवण्याचं काम, साहित्याने, खेळांनी किंवा बक्षिसांनी वाढत नाही. विश्वासात मुरलेलं एखादं माणूस वर्षानुवर्षं त्याच मुलांजवळ राहिलं, तर ती वाढते. म्हणून मंडळीतली सर्वांत जाणती माणसं या कामाला द्या, त्यांना पुरेसा काळ द्या आणि त्यांच्या पाठीशी उभे राहा.

सध्या या कामासाठी माणूस कसा निवडला जातो ते आपण सगळे जाणतो. जूनमध्ये कुणीतरी सोडून जातं. मग उपासनेनंतर पायऱ्यांवर शोध सुरू होतो. “तुम्ही शाळेत शिकवता ना, मग तुम्हीच घ्या की.” लग्न होऊन नुकतीच मंडळीत आलेली सून, बारावीची परीक्षा संपलेली मुलगी, गिटार वाजवणारा मुलगा, ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही असं कुणीही या कामाला जुंपलं जातं. खजिनदार निवडताना आपण असं करत नाही. त्याचा व्यवहार बघतो, त्याचं घर बघतो, त्याच्या शब्दाला मंडळीत काय किंमत आहे ते बघतो. पैशांची जेवढी काळजी घेतो, तेवढी तरी मुलांची घेऊ या.

ती मागची खोलीही आपण पाहिली असेलच. एका बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्यांची चवड, दुसऱ्या बाजूला मंडपाचे बांबू, नाताळच्या चांदणीचा सांगाडा, बंद पडलेला ॲम्प्लिफायर. मधे जी सतरंजी मावते तिच्यावर चार वर्षांचं बाळ आणि मिसरूड फुटू लागलेला मुलगा शेजारी शेजारी बसतात. शिक्षिकेला सकाळी फोन आलेला असतो, की अमकी येऊ शकत नाही, आज तुम्ही बघता का? ती पुस्तक उघडते आणि त्यातला धडा वाचून दाखवते. मुलं गाणं जोरात म्हणू लागली की दारातून कुणीतरी डोकावतं : “हळू, उपदेश चाललाय.” मंडळीत आपली जागा कुठे आहे, हे त्या मुलांना त्याच क्षणी कळतं. त्यासाठी वेगळ्या धड्याची गरज लागत नाही.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशूकडे आणलेल्या लेकरांना अडवणारे शिष्य काही वाईट हेतूने वागत नव्हते. गुरुजी दमलेत, मोठ्या माणसांशी महत्त्वाचं बोलत आहेत, लेकरांनी मधे लुडबुड करू नये, एवढंच त्यांना वाटलं असणार. तरीही येशू त्यांच्यावर रागावला. मार्काने तो राग लपवलेला नाही. मग येशूने मुलांना कवेत घेतलं, त्यांच्यावर हात ठेवले आणि आशीर्वाद दिला. त्याने लेकरांना अंगणात थांबवून बोलणं पूर्ण केलं नाही.

नाशिकच्या मंडळ्यांना तर हे सांगावंही लागू नये. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूरची वस्ती उभी केली. तिथे गुलामगिरीतून सोडवून आणलेल्या आफ्रिकन मुलांसाठी आश्रम आणि शाळा होती. ज्यांना आईबाप नाहीत, देश नाही, आपली भाषा बोलणारं कुणी नाही, अशी ती लेकरं. ती इथे लिहायला-वाचायला शिकली, हातची कामं शिकली, पवित्र शास्त्र शिकली. जेकब वेनराइट हा त्यांतलाच एक. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले, तेव्हा ज्या सोबत्यांनी त्यांचा देह पायी चालत, महिनोन् महिने खपून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला, त्यांत हा नाशिकला शिकलेला तरुण होता. मृत्यूच्या जागी झाडावर अक्षरं त्याने कोरली, आणि एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीलाही तो हजर होता. कुणीतरी शरणपूरच्या त्या वर्गात या पोरक्या मुलांजवळ वर्षानुवर्षं बसलं होतं, म्हणून हे घडलं. आज शरणपूर रोडने आपण रोज जातो-येतो. आपल्या मुलांना मात्र जेकबचं नावही माहीत नसतं.

रविवारच्या शाळेची कल्पनाही मुलांच्या अडचणीतूनच रुजली. १७८० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स यांनी आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी रविवारी वर्ग सुरू केले, कारण त्यांना तेवढाच एक दिवस मोकळा होता. आपल्या मुलांना तोही राहिलेला नाही. आठवी-नववीपासून क्लासच्या टेस्ट रविवारी असतात, क्रिकेटचं कोचिंग रविवारी, स्पर्धा परीक्षा रविवारी. एक साधा हिशेब करून बघा. वर्षाचे ५२ रविवार. त्यांतून दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी, गावाला जाणं, लग्नकार्यं, नाताळच्या नाटकाच्या तालमी वजा करा. फार तर चाळीस रविवार उरतात, म्हणजे चाळीस तास. दिवसाची शाळा एवढे तास एक-दीड आठवड्यात देते. मुलाला सबंध वर्षात मिळणारे चाळीस तास आपण कुणाच्या हाती देतो, हा किरकोळ प्रश्न नाही.

आता नेतृत्वाबद्दल. रविवारच्या शाळेची प्रमुख व्यक्ती ही सर्वांत छान गोष्ट सांगणारी असलीच पाहिजे असं नाही. तिचं खरं काम शिक्षक घडवणं आणि त्यांना टिकवणं. ती स्वतः दर रविवारी तीन वर्ग घेत धावत असेल, तर ती गेल्यावर मागे काहीच राहत नाही, आणि दमून ती जातेच. म्हणून तिची नेमणूक निदान तीन वर्षांसाठी करा आणि ती कमिटीच्या ठरावाने करा. मंडळीसमोर उभं करून, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून तिला हे काम सोपवा. कमिटीत तिला बसायला जागा द्या. आणि कृपा करून त्याच बाईंना महिला संघाचं चिटणीसपद, गायकगटाची पेटी आणि हार्वेस्टच्या, म्हणजे हंगामाच्या सणाच्या, स्टॉलची जबाबदारी देऊ नका. आपल्याकडे जो काम करतो त्याच्याच डोक्यावर काम चढत जातं.

शिक्षकांची तयारी शनिवारी रात्री एकट्याने होऊ नये. शुक्रवारी संध्याकाळी तासभर सगळ्यांनी जमावं. धड्याचं पुस्तक बाजूला ठेवून आधी शास्त्रातला उतारा वाचावा, तो आपल्याला काय सांगतो ते एकमेकांशी बोलावं, मग प्रत्येकाने गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगून दाखवावी आणि बाकीच्यांनी मुलांसारखं प्रामाणिकपणे ऐकावं. नव्या शिक्षकाला पहिले दोन महिने वर्ग देऊच नये. त्याने जुन्या शिक्षकाशेजारी सतरंजीवर बसावं. पुस्तकातून वाचणारा माणूस मुलांकडे बघू शकत नाही आणि मुलं तोंड बघून शिकतात.

वर्गाची वेळ हा आणखी एक जुना घोळ. वर्ग उपासनेच्या वेळीच भरवला की दोन नुकसानं होतात. शिकवणारी माणसं महिनोन् महिने उपदेश ऐकत नाहीत, प्रभुभोजनाच्या रविवारी धावत आत येतात आणि हळूहळू आतून कोरडी पडतात. आणि मुलं लहानपणभर उपासनेबाहेर राहतात. मग पंधराव्या वर्षी त्यांना एकदम दीड तास बाकावर बसायला सांगितलं की ती उपासना त्यांना परकी वाटते. माझ्या मते वर्ग उपासनेच्या तासभर आधी घ्यावा आणि नंतर मुलांनी आईवडिलांजवळ बसावं. यात अडचणी आहेत, त्या मला ठाऊक आहेत. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या बापाने इंदिरानगरहून दुचाकीवर दोन फेऱ्या माराव्यात ही अपेक्षा धरता येत नाही. पण ज्यांच्याकडे चारचाकी आहे अशी घरं प्रत्येक मंडळीत आहेत. कोणत्या भागातली मुलं कुणासोबत येतील, हे पालकांशी बोलून, नावं लिहून ठरवता येतं. जिथे ते जमणारच नाही तिथे वर्ग उपासनेनंतर ठेवा आणि मुलांना आधी काही खायला द्या, उपाशीपोटी गोष्ट ऐकवत नाही. दर वर्गाला दोन शिक्षकांची जोडी असली की एक नसला तरी मुलांना ओळखीचा चेहरा दिसतो.

वयोगट वेगळे करणं हे तर व्हायलाच हवं. चार वर्षांच्या मुलाला एकच वाक्य आणि त्यासोबत हातापायांनी करायचं काहीतरी पुरतं. बारा वर्षांच्या मुलीला वाद घालायचा असतो. खोल्या नसतील तर झाडाखाली बसा, व्हरांड्यात बसा, पण वेगळे बसा.

शिकवावं कसं, याचं एकच उदाहरण देते, कारण ते मी जवळून पाहिलं आहे. पाच भाकरी आणि दोन मासे ही गोष्ट : एका मुलाने आपल्याजवळचं जेवण दिलं आणि येशूने त्यातून सगळ्या जमावाला जेवू घातलं. आमच्या एका शिक्षिकेने चित्रं आणली नाहीत. घरून फडक्यात बांधून पाच भाकरी आणल्या आणि कागदात गुंडाळलेले दोन सुके बोंबील. योहानाने त्या जवाच्या म्हटल्या आहेत, आमच्या ज्वारीच्या होत्या. फडकं सोडताच बोंबलाचा वास खोलीभर झाला. मुलं नाक धरून हसली, मग जवळ सरकली. “हा डबा कुणी भरून दिला असेल?” तिने विचारलं. “आईने,” सगळी ओरडली. मग ती थांबली आणि एकही शब्द बोलली नाही. थोड्या वेळाने मागे बसलेल्या, एरवी गप्प असणाऱ्या एका मुलाने विचारलं, “टीचर, सगळं देऊन टाकल्यावर तो स्वतः काय खाणार होता?” त्या प्रश्नावर अर्धा तास गेला. कुणी म्हणालं येशूने त्याला आधी दिलं असेल, कुणी म्हणालं त्याला भीती वाटली असेल, एकीने तर सांगितलं की तिने अर्धीच भाकरी दिली असती. शेवटी सगळ्यांनी भाकरी मोडून खाल्ली. वचन पाठ करून घेण्याची वेळच आली नाही, आणि पुढच्या रविवारी प्रत्येक मुलाला ती गोष्ट येत होती. एवढ्याला खर्च किती आला असेल?

आपला जिल्हा द्राक्षांचा आहे. योहानाच्या पंधराव्या अध्यायातला येशूचा द्राक्षवेल आणि फाट्यांचा दाखला शिकवताना आपण भिंतीवर तक्ता लावतो, तो परदेशी छापाचा. त्याऐवजी एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या वेळी किंवा ऑक्टोबरच्या छाटणीला मुलांना दिंडोरी किंवा पिंपळगावकडच्या ओळखीच्या बागेत घेऊन जा. हिरवीगार वेल शेतकरी स्वतःच्या हाताने कापतो, कापलेल्या काड्यांचा ढीग पडतो, आणि तो शांतपणे सांगतो की हे केलं नाही तर घड लागणार नाही. ‘पिता छाटणी करतो’ हे त्यानंतर कुणाला समजावावं लागत नाही. हे पाहण्यासाठी जगभरातली माणसं मैलोन् मैल प्रवास करतील. आपल्याला सकाळच्या एका बसने जाऊन येता येतं.

मुलांचे प्रश्न मात्र याहून अवघड असतात आणि त्यांच्यासाठीच जाणती माणसं लागतात. चौथीतली मुलगी विचारते, “गणपतीत मैत्रिणीच्या घरी प्रसाद दिला तर घ्यायचा का?” सहावीतला मुलगा सांगतो, “वर्गात म्हणतात तुम्ही इंग्रजांचे.” एकीची आजी वारलेली असते : आपण सगळ्यांनी प्रार्थना केली होती, मग देवाने ऐकलं का नाही? बारावी झालेल्या मुलीने याची उत्तरं एकटीने द्यावीत ही अपेक्षा अन्यायाची आहे. शेजारधर्म सांभाळून, कुणाच्याही श्रद्धेचा अपमान न करता, आपला विश्वास स्पष्ट कसा सांगावा, हे शिकवायला आयुष्य जगलेलं माणूस हवं. ज्याने स्वतःचं कुणी गमावलं आहे आणि तरी जो उपासनेला येतो, अशा माणसाने त्या मुलीजवळ बसावं.

आणि ‘तुम्ही इंग्रजांचे’ याला उत्तर आपल्या अंगणातच आहे. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या आपल्या ख्रिस्ती लेखिका लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांचे पती, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं आणि अभंग आपण उपासनेत गातो, ते तुकोबा-ज्ञानोबांच्या वळणाचे आहेत. मुलांना हे सांगा. त्यांना टाळ हातात द्या आणि ती भजनं शिकवा. आज आपली मुलं मोबाइलवरची इंग्रजी गाणी हातवारे करत म्हणतात, त्याला माझी हरकत नाही, पण आजीला जे गाणं येतं ते नातवाला येत नसेल तर घरात एकत्र प्रार्थना होणार कशी? बरीच मुलं इंग्रजी माध्यमात असल्यामुळे देवनागरीतलं पवित्र शास्त्र अडखळत वाचतात. त्यांना हसू नका, मोठ्या अक्षरांची प्रत घ्या आणि दर रविवारी एकेकाकडून चार ओळी वाचून घ्या. पेठ, सुरगाणा या आदिवासी भागातून शिक्षणासाठी वसतिगृहांत राहणारी मुलं काही मंडळ्यांत येतात. ती मागे बसतात आणि मागेच राहतात. त्यांच्या बोलीतलं एक गाणं सगळ्यांनी शिकलं तर त्यांचा चेहरा कसा फुलतो ते बघाच.

घराबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवण्याची जबाबदारी कुणा शिक्षिकेवर टाकलेली नाही. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना, असं तिथे म्हटलं आहे. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य याचा विश्वास आधी त्याच्या आजीत, लोईशीत होता, मग आई युनीकेत. चाळीस तासांत आम्ही जे पेरू शकतो त्याला पाणी घरी घालायचं आहे. म्हणून दर रविवारी मुलाच्या हातात एक चिठ्ठी जावी : आज कोणती गोष्ट झाली, आणि रात्री जेवताना विचारायचा एक प्रश्न. बस. लांबलचक गृहपाठ कुणी करत नाही. आणि शिक्षकाने वर्षातून एकदा तरी प्रत्येक मुलाच्या घरी जावं. बाप दारू पितो का, घरात आजारपण आहे का, मूल झोपतं कुठे, अभ्यासाला जागा आहे का, हे पाहिल्यावर वर्गात ‘मस्ती करतो’ म्हणून ज्याला बाहेर काढलं जातं त्याच्याकडे बघण्याची नजर बदलते.

आता सुरक्षेचा विषय. तो काढला की मंडळीत चुळबूळ होते, म्हणून तो मी मोकळेपणाने लिहिते. मुलांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा, ज्याला आपण पोक्सो म्हणतो तो कायदा २०१२ चा आहे आणि तो १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीला लागू आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दलची गोष्ट दडवली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आपल्यातलाच माणूस आहे’, ‘मंडळीचं नाव खराब होईल’, ‘कमिटीत बसून मिटवू’ ही वाक्यं आपल्याकडे फार सहज म्हटली जातात. ती यापुढे कुणाच्याही तोंडी येऊ नयेत. मिटवण्याचा अधिकार कमिटीला नाही, आणि लेकरापेक्षा मंडळीचं नाव मोठं नाही.

नियम अवघड नाहीत. कोणताही मोठा माणूस मुलासोबत बंद खोलीत एकटा नसावा; वर्गात नेहमी दोघं असावेत आणि दार उघडं असावं. शिकवायला येणारा माणूस मंडळीत निदान सहा महिने ओळखीचा असावा आणि त्याची पोलीस पडताळणी करावी, मग तो कमिटी सभासदाचा मुलगा का असेना. लहान मुलांना शौचालयाला नेण्याची, घरी कुणाच्या ताब्यात द्यायचं याची पद्धत लिहून भिंतीवर लावावी. शिक्षकाने मुलांशी खाजगी व्हॉट्सॲपवर बोलू नये, आणि पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो ग्रुपवर टाकू नयेत. मुलांना १०९८ हा हेल्पलाइन क्रमांक पाठ करून घ्यावा, तो वचनाइतकाच पक्का यावा. हे सगळं शिक्षकांवरचा अविश्वास नाही. चांगल्या शिक्षकाला यातून संरक्षणच मिळतं.

वाढीबद्दल लिहिते, कारण कमिटीत विचारला जाणारा एकमेव प्रश्न बहुधा ‘यंदा संख्या किती?’ हाच असतो. मे महिन्यात सुट्टीतली शाळा, आपली व्हीबीएस, होते. टोप्या, टी-शर्ट, नाश्ता, शेवटच्या दिवशी बक्षिसं. खोली ओसंडून वाहते, फोटो काढले जातात, अहवालात आकडा येतो. जूनच्या पहिल्या रविवारी त्यांतली किती मुलं परत येतात ते कुणी मोजत नाही. व्हीबीएस बंद करा असं मी म्हणत नाही, मुलांना त्यातला आनंद हवाच असतो. पण त्या खर्चातला निम्मा वाटा वर्षभराच्या कामाला द्या. हजेरीपटात फक्त ‘हजर’च्या खुणा नकोत, प्रत्येक मुलाच्या नावापुढे चार शब्द हवेत : वाढदिवस, घरची काळजी, आवड, प्रार्थनेचा विषय. दोन रविवार मूल दिसलं नाही की फोन जावा. वाढ याच वहीतून होते. ज्या मुलाची कुणीतरी वाट बघतं, ते मूल येतं आणि शेजारच्या मित्रालाही घेऊन येतं. दुसऱ्या धर्माच्या घरातलं मूल आलं तर त्याच्या आईवडिलांना आपण स्वतः भेटावं, इथे काय शिकवतो ते सांगावं, त्यांची लेखी परवानगी घ्यावी आणि कोणत्याही भेटवस्तूचं आमिष कधी दाखवू नये. यात कायद्याच्या भीतीपेक्षा प्रामाणिकपणाचा भाग मोठा आहे.

पाठांतर स्पर्धेत दरवर्षी त्याच तीन मुलांना कप मिळतात. ज्याला वाचायला त्रास होतो, ज्याला ऐकू कमी येतं, जो एका जागी बसू शकत नाही, त्याला आपण दरवर्षी हरवतो. ही पद्धत बदला. नाताळच्या नाटकात पाठांतर येत नाही म्हणून मेंढरू केलेल्या मुलालाही गाभाऱ्याजवळ काहीतरी आपलं काम द्या : मेणबत्ती लावणं, दानपेटी फिरवणं, झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीच्या पुढे चालणं.

दृढीकरण, म्हणजे वयात आलेल्या मुलांनी मंडळीसमोर आपला विश्वास कबूल करण्याचा विधी, झाल्यावर मुलं दिसेनाशी होतात ही तक्रार प्रत्येक कमिटीत होते. दृढीकरणाचे वर्ग म्हणजे प्रश्नोत्तरं पाठ करणं, पांढरे कपडे, फोटो आणि जेवण. त्यानंतर त्या मुलांसाठी मंडळीत काम काहीच नसतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना धाकट्यांच्या वर्गात मदतनीस म्हणून बसवा, मोठ्या शिक्षकाच्या देखरेखीखाली. शास्त्रवाचन, साउंड, गायन, दारात स्वागत, सगळीकडे त्यांची नावं लावा. चुकतील, मोठ्याने वाचताना अडखळतील. शमुवेलाने देवाची हाक ऐकली तेव्हा तोही याजक एलीच्या हाताखाली काम करणारा पोरच होता, आणि ती हाक कुणाची हे ओळखायला त्याला म्हाताऱ्या एलीची गरज पडली. आपल्या मंडळ्यांत एली भरपूर आहेत. नोटांच्या प्रेसमधून, एचएएलच्या विमान कारखान्यातून, शाळांतून निवृत्त झालेली, पवित्र शास्त्र कोळून प्यालेली माणसं मागच्या बाकावर बसून असतात. त्यांना कुणी विचारत नाही, कारण मुलांचं काम हे बायकांचं आणि पोरांचं असा आपला समज. माझी या ज्येष्ठ बंधूंना हात जोडून विनंती आहे, की येत्या जूनपासून एकेका वर्गात येऊन बसा. शिकवू नका हवं तर. मुलांची नावं शिका.

पाळकसाहेब, आपल्याकडून एक वेगळी अपेक्षा आहे. महिन्यातून एकदा उपदेशाआधी वर्गात या, पंधरा मिनिटं मुलांमध्ये खाली बसा. पाळक आपल्या वर्गात आले ही गोष्ट मूल आठवडाभर सांगत फिरतं, आणि कमिटीला जे ठरावाने कळत नाही ते त्यातून कळतं.

वार्षिक सभेपुढे माझ्या मागण्या मांडते. मुलांच्या सेवेचा प्रमुख तीन वर्षांसाठी ठरावाने नेमावा आणि त्याला किंवा तिला कमिटीत जागा द्यावी. ‘मागील वर्षाप्रमाणे’ ही ओळ काढून शिक्षक प्रशिक्षण, मोठ्या अक्षरांची पवित्र शास्त्रं, एक कपाट, एक पंखा आणि स्वच्छ शौचालय यांसाठी स्वतंत्र रक्कम लिहावी. मागची खोली रिकामी करून मुलांना द्यावी. बांबू आणि चांदणी दुसरीकडे राहू शकतात. सुरक्षेचे नियम लेखी मंजूर करून मे महिन्याच्या व्हीबीएसआधी लागू करावेत. आणि नाशिकमधल्या सर्व मंडळ्यांच्या शिक्षकांनी, पंथ कोणताही असो, तीन महिन्यांतून एकदा एकत्र बसावं. एका मंडळीकडे चांगलं गाणारे आहेत, दुसरीकडे चांगली गोष्ट सांगणारे, तिसरीकडे मोकळं आवार आहे. जागा शरणपूरला ठरवा, नाशिक रोडला ठरवा, आम्ही शिक्षिका पहिल्या बैठकीची तयारी करायला तयार आहोत. चहापाण्याचंही आम्ही बघू.

हे पत्र कमिटीच्या पुढच्या बैठकीत वाचून दाखवावं आणि यांतलं काय मान्य, काय अमान्य ते रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना लेखी कळवावं. अमान्य असेल त्याचं कारणही कळवावं. त्यावर बसून बोलायची आमची तयारी आहे.

प्रभूच्या सेवेत आपली बहीण,
रविवारच्या शाळेतील एक शिक्षिका
नाशिक